घाट आणि समुद्र यांच्या मधलं गाव : निवृत्तीनंतर राहण्याची जागा कशी शोधावी

एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. विषय तुम्हाला ठाऊकच आहे. डोंगर जवळ, समुद्र जवळ आणि आपल्या पेन्शनीत परवडेल असं छोटं गाव निवृत्तीनंतर कसं निवडायचं. इथे बोलायला एकच माणूस उभा आहे, तरी आज ‘आम्ही’ असंच म्हणणार आहोत. हा निर्णय दोघांचा होता आणि त्यातल्या चुकाही दोघांच्याच. एकाची नोकरी पोस्टात, एकीची शाळेत, घर डोंबिवलीला. २०१८ साली शोध सुरू केला, २०२१च्या डिसेंबरात सामान हललं ते सावंतवाडीला. मधली तीन वर्षं आम्ही बहुतेक चुकण्यात घालवली. तेव्हा गावाचं कौतुक कमी करू आणि चुका जास्त सांगू, त्यांचाच तुम्हाला उपयोग आहे.

आधी भूगोल, कारण तो न समजता जागा बघायला गेलं की फोटो बघून भुलायला होतं. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्या मधली कोकणाची पट्टी अरुंद आहे. जुनी माणसं तिचे दोन भाग करतात. समुद्राकडची ती खलाटी आणि घाटाच्या पायथ्याकडची ती वलाटी. खलाटीत मालवण, वेंगुर्ला, देवगड, हर्णै. वलाटीत कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वर चिपळूण, खेड. आणि खुद्द घाटावर आंबोली, जवळजवळ ७०० मीटर उंचीवर. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही मोठ्या अंतरात वलाटीच्या बाजूने जातात, किनाऱ्याने नाही. नकाशावर ही गोष्ट साधी दिसते, पण म्हातारपणाचा अर्धा हिशेब तिच्यात आहे. रेल्वे, महामार्ग, मोठे दवाखाने, बँका, पॅथॉलॉजी लॅब हे सगळं एका रेषेवर आहे आणि समुद्र त्या रेषेपासून वीसतीस किलोमीटर आडवा आहे.

आपल्या मनातलं चित्र मात्र नेमकं उलटं असतं. आमचंही होतं. सकाळी उठलं की पडवीतून समुद्र दिसायला हवा! त्यामुळे पहिली दोन वर्षं आम्ही फक्त खलाटीत फिरलो, तेही डिसेंबरात आणि मे महिन्यात. मालवणला एका खानावळीतल्या काकूंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पावसात येवा, मगे काय ता बोलूया.” आम्ही हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

पावसात गेलो ते २०१९च्या जुलैत. वेंगुर्ल्याजवळ एका गावात महिनाभर खोली घेऊन राहिलो. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हे आम्ही वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. आठवड्यात चपला हिरव्या झाल्या, कपाटातल्या सुती साड्यांना कुबट वास, डाळीला जाळी. पायरीवर शेवाळ, आणि साठीनंतर शेवाळ म्हणजे खुब्याचं हाड. लाईट गेली की दोन तास म्हणता दोन दिवस. किनाऱ्यावरच्या खानावळी बंद, मासेमारी बंद, रिक्षावाला सहानंतर फोन उचलत नाही. आम्ही तेव्हा तब्येतीने बरे होतो, म्हणून त्याची गंमत वाटली. तरी रात्री खोलीत पडल्यापडल्या दोघांच्याही मनात एकच प्रश्न होता, तो मोठ्याने कोणी विचारला नाही. त्यावर नंतर येतो.

तेव्हा पहिली कसोटी ही : जुलैचा महिना तिथे राहून बघा. दुसरी कसोटी मे महिन्याची, आणि ती उकाड्याची नाही, पाण्याची. एवढा पाऊस पडतो तिथे पाण्याची काय चिंता, असं आम्हालाही वाटायचं. पण कोकणची जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र. पडलेलं पाणी तो धरून ठेवत नाही, उताराने ते समुद्राला जातं. त्यामुळे सड्यावरच्या, म्हणजे माथ्याच्या सपाटीवरच्या घरांच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ गाठतात. दलाल नेमकी सड्यावरचीच जागा दाखवतो, कारण तिथून देखावा चांगला. विहीर दाखवतो ती दिवाळीत, काठोकाठ भरलेली. तुम्ही मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जा, शेजारच्या घरी चहा प्या आणि विचारा, पंप दिवसातून किती मिनिटं चालतो? टँकर येतो का? उत्तर खरं मिळतं, कारण शेजाऱ्याला काही विकायचं नसतं.

मग आम्ही गावं गाळायला लागलो. दापोलीवर आमचं मन होतं. उंची बेताची, हवा छान, कृषी विद्यापीठ, मुरूड-कर्द्याचा किनारा जवळ. पण रेल्वे खेडला, म्हणजे तीसेक किलोमीटर लांब. त्यात ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ओळखीच्यांच्या बागा झोपल्या आणि कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. चिपळूण बाजारपेठ म्हणून उत्तम, स्टेशन आहे, कुंभार्ली घाट चढला की कऱ्हाड. पण वाशिष्ठीचं शहर ते. २००५च्या जुलैत बुडालं होतं आणि २२ जुलै २०२१ला पुन्हा बुडालं. चिपळूणचे लोक उभे राहिले, राहतातच, आमचा त्यांना नमस्कार. पण पासष्टीनंतर गाळ उपसायची ताकद आमच्यात नाही. कुणाला चिपळूणच घ्यायचं असेल तर नदीपासून वरच्या अंगाला घ्या आणि २०२१ची पाण्याची खूण भिंतीवर कुठे आहे ते विचारून मगच घ्या. आंबोली तर आम्ही पहिल्या भेटीतच सोडली. चार दिवस धुकं सुंदर असतं. चार महिने धुकं सांध्यांना झेपत नाही.

राहिली कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी. प्रामाणिकपणे सांगायचं तर कुडाळ सोयीला जास्त बरं आहे. स्टेशन गावाला लागून, जिल्ह्याचं ठिकाण ओरोस हाकेच्या अंतरावर, आणि तिथे २०२१पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंतवाडी रोड स्टेशन मात्र गावाबाहेर मळगावात. तुतारी एक्स्प्रेसने उतरलं की रिक्षा शोधा. तरी आम्ही सावंतवाडी घेतली, त्याला एक कारण हिशेबाचं आणि एक मनाचं. हिशेबाचं कारण म्हणजे गोवा. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज साधारण ६० किलोमीटरवर, आणि मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू झाला तो तर त्याहून अलीकडे. मनाचं कारण मोती तलाव. संध्याकाळी त्याच्याभोवती फेरी मारायला सगळं गाव येतं. सपाट रस्ता, बसायला कट्टा, ओळखीचे चेहरे. शिवाय १८५२ सालचं श्रीराम वाचन मंदिर. आंबोली वर तीस किलोमीटरवर, वेंगुर्ल्याचा किनारा खाली जवळपास तेवढाच. डोंगर आणि समुद्र दोन्ही आठवड्याला एकदा बघता येतात. रोज बघायची गरज नसते, हे आम्हाला उशिरा कळलं.

आता जमिनीचा भाग. इथे जरा वेळ काढू, कारण आमचे पैसे इथे अडकले.

ते वेंगुर्ल्याजवळचं गाव सांगितलं ना, तिथे एक जुनं कौलारू घर मनात भरलं होतं. खळं, मागे परसू, सात माड, समुद्र ३०० मीटरवर. विकणारे गृहस्थ सज्जन, आजही आमचा त्यांच्यावर राग नाही. इसार म्हणून ५० हजार दिले आणि त्यानंतर सात-बारा नीट वाचला. क्रम उलटा झाला, हे आत्ता तुम्हाला दिसतंय, आम्हाला तेव्हा दिसलं नाही. सात-बाऱ्यावर १९ नावं होती. पणजोबांच्या नावची जमीन, तिचं सरस वाटप कधी झालेलंच नाही. चौघे मुंबईला, दोन बहिणी बेळगावकडे, एक चुलतभाऊ कुठे आहे ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. कोकणात ही अपवादाची गोष्ट नाही, ही रीतच आहे. घर एक भाऊ वापरतो, दुरुस्ती तोच करतो, त्यामुळे ते त्याचं असं गाव मानतं, पण कागदावर हिस्सा सगळ्यांचा. २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. एकीनं जरी सही नाकारली तरी संपूर्ण मिळकतीचं निर्वेध खरेदीखत होत नाही. एका आत्याने नाकारली. म्हणाल्या, “माझं माहेर आहे ते.” त्यांचं काय चुकलं, सांगा! इसाराचे पैसे परत यायला १४ महिने लागले.

त्या १४ महिन्यांत आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती शेतकरी नसलेल्याला थेट घेता येत नाही. १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ आहे. तुमचं नाव आधीच कुठल्या सात-बाऱ्यावर असेल तर शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा. नसेल तर बिगरशेती झालेली जागा, गावठाणातलं घर किंवा नगरपालिका हद्दीतला फ्लॅट बघा. दलाल म्हणेल, “साहेब, एनए होऊन जाईल.” होऊन जाईल याला कागद नसतो. सात-बारा, आठ-अ आणि फेरफार हे तिन्ही मागा. फेरफारात नावं कशी चढली, कशी उतरली याची कहाणी असते. पोटहिस्सा असेल तर मोजणीचा नकाशा मागा. ‘इतर हक्क’ म्हणून जो रकाना असतो तो आधी वाचा, बँकेचा बोजा, कूळ, सगळं तिथे लपलेलं असतं. आणि रस्ता! जागेपर्यंत जाणारी पाणंद कोणाच्या मालकीची? आज गडगा नाही म्हणून उद्या होणार नाही असं नाही. समुद्राजवळ असाल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामाला निरनिराळ्या अटी आहेत. आमचं ते घर त्या पट्ट्यातच होतं. जुनं घर दुरुस्त करता आलं असतं कदाचित, पण मागे एक खोली वाढवायची आमची हौस कागदावरच राहिली असती. घाटाकडच्या बाजूला वेगळी भानगड आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात हायकोर्टाने वृक्षतोडीला बंदी घातलेली आहे आणि ती बरोबरच आहे असं आमचं मत. पण झाडांनी भरलेला प्लॉट घेऊन त्यावर बंगला बांधायचं स्वप्न असेल तर ते आधीच सोडा.

स्थानिक वकील करा, तालुक्याच्या कोर्टात काम करणारा. मुंबईचा नको. त्याची फी आमच्या इसारापेक्षा खूपच कमी निघाली असती.

पैशांचा हिशेब पटकन सांगतो. लोकांना वाटतं गाव म्हणजे स्वस्त. घर स्वस्त, एवढं खरं. आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याला महिना ९ हजार दिले. पण भाजी बेळगाव-कोल्हापूरकडून घाट उतरून येते, तिचा भाव डोंबिवलीपेक्षा कमी नाही. मासे तर गोव्याचे पर्यटक ठरवतील त्या भावाने. नारळ घरचे म्हणावे तर झाडावरून काढायला पाडेली मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी धरून नारळ बाजारातला पडतो. आमचा खर्च असा : भाडं ९, स्वयंपाकघर ११, लाईट-गॅस-इंटरनेट साडेतीन, औषधं आणि तपासण्या ५, विम्याचा हप्ता महिन्यावारी साडेचार, कामाच्या बाई अडीच, पेट्रोल आणि एसटी २, आणि मुंबईच्या फेऱ्या ३ हजार. म्हणजे साडेचाळीस हजार. शेवटची रक्कम कोणी धरत नाही. लग्नं, बारशी, डोळ्यांचे ठरलेले डॉक्टर, नातवंडं, वर्षाला चार फेऱ्या होतातच. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०ला बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही. एसटीला मात्र ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडली की फुकट, आणि बायकांना वय न बघता अर्धं.

उत्पन्नाची बाजू : पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात, महिन्याला पाडलं तर २०,५००. मासिक प्राप्ती योजनेत जोडखात्यात १५ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. पोस्टात नोकरी केलेल्या माणसाकडून एवढी जाहिरात सहन करा. पण लक्षात घ्या, हे व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं आणि भाजीवाली पाच वर्षं तेवढ्यावर राहत नाही. म्हणून आमची निम्मी पेन्शन आम्ही हिशेबातच धरलेली नाही. डोंबिवलीचा फ्लॅटही विकला नाही, भाड्याने दिला.

आता तो प्रश्न, जुलैच्या रात्री आम्ही एकमेकांना न विचारलेला. रात्री दोन वाजता काही झालं तर?

फेब्रुवारी २०२३मध्ये झालं. पहाटे सव्वातीनला आमच्यातल्या एकाच्या छातीत दुखायला लागलं, डावा खांदा जड, घाम. दुसरीने १०८ला फोन लावला आणि मग शेजारचं दार वाजवलं. शेजाऱ्यांची गाडी आधी निघाली. गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सात मिनिटांत पोचलो, ईसीजी निघाला, गोळ्या दिल्या, आणि तिथून पुढे गोव्याला. सगळं मिळून दोन तासांच्या आत योग्य टेबलावर. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही दोघांनी एकच गणित मांडलं. ते सात माडांचं घर मिळालं असतं तर सावंतवाडीच्या त्या पहिल्या ईसीजीपर्यंत यायलाच आधी किनाऱ्यावरचा तीस किलोमीटरचा वळणांचा रस्ता, रात्री, आणि गाडी कोण चालवणार? चालवणाऱ्याच्याच छातीत दुखत होतं.

तेव्हा गाव बघायला जाल तेव्हा ‘हॉस्पिटल आहे का’ एवढंच विचारू नका. रात्री डॉक्टर गावात राहतो का? ईसीजी चोवीस तास निघतो का? अँजिओप्लास्टी होते ते सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं, आणि दिवसा नव्हे, रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो? हा रस्ता आम्ही आता स्वतः एकदा गाडीने जाऊन घड्याळ लावून बघितला आहे. आधी बघायला हवा होता. गोव्याला जाणार असाल तर तिथल्या सरकारी रुग्णालयात २०१८पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालेलं आहे, त्याची तयारी ठेवा. सत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२४च्या ऑक्टोबरअखेरीपासून आयुष्मानचं ५ लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं. कार्ड आधी काढा, आजारी पडल्यावर नाही. आणि परिसराचे आजार डॉक्टरांना विचारून घ्या. पावसात लेप्टो असतो, दोडामार्ग-बांद्याकडे माकडतापाच्या साथी झाल्यात. फुरसं तर आपल्या घराच्या गडग्यातच राहतं. सर्पदंशाची लस कुठल्या केंद्रात असते ते भिंतीवर लिहून ठेवा. मांत्रिक सुचवणारे भेटतात अजून.

याच्याही पुढचा प्रश्न आहे आणि तो विचारायला जीभ रेटत नाही. आपण दोघं जागा निवडतो, पण शेवटची काही वर्षं तिथे एकजणच राहणार असतो. आमच्या ओळखीचं एक जोडपं. महामार्गापासून दोन किलोमीटर आत सुंदर घर बांधलं, चिऱ्याचं, समोर डोंगर. चौथ्या वर्षी ते गेले. काकूंना गाडी येत नाही, हाकेला घर नाही, रिक्षा बोलवावी तर फोनला रेंज नाही. दूध आणायचं म्हणजे मोहीम. वर्षभर त्यांनी काढलं आणि मग पुण्याला मुलाच्या तिसऱ्या बेडरूममध्ये गेल्या. घराला कुलूप आहे, वानरं कौलं फोडतात.

त्या काकूंना पोचवून आलो त्या दिवशी आम्ही एक कागद घेतला आणि दोघांनी वेगवेगळा लिहिला. मी एकटा किंवा एकटी उरले तर मला चालत काय काय मिळायला हवं? दोघांच्या यादीत औषधाचं दुकान, दूध, एसटीस्टँड होतं. एकीच्या यादीत वाचनालय पहिलं होतं. एकाच्या यादीत बोलायला माणूस, एवढंच. समुद्र दोघांनीही लिहिला नव्हता.

सभागृहातून चिठ्ठी आली आहे : ‘गावात आपल्याला सामावून घेतात का?’ घेतात, पण त्यांच्या घड्याळाने. पहिली दोन वर्षं आम्ही ‘मुंबयवाले’ होतो. ग्रामदेवतेच्या जत्रेला गेलो, दशावतार रात्रभर बसून पाहिला, शेजारच्या मुलीचं गणित घेतलं, पोस्टाचे फॉर्म भरून दिले. आता कोणी भेटलं की “कधी इलास?” विचारतात. म्हणजे आपण गेलो होतो हे त्यांच्या लक्षात असतं. सोसायटी, जिम, क्लब असलं काही शोधत असाल तर मात्र निराश व्हाल. आणि सल्ले देऊ नका. शहरातून येऊन तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीला सूचनांचं पत्र लिहिणारे आम्ही पाहिलेत.

दुसरी चिठ्ठी : ‘आधी इथलं घर विकावं का?’ नको. दोन पावसाळे भाड्याने काढा, अकरा महिन्यांचे करार करून. आमचे असे तीन करार झाले. त्यानंतर गेल्या वर्षी फ्लॅट घेतला, बिगरशेती जागेवरचा, पालिकेचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र बघून. तळमजल्याचा. खिडकीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात. एसटीस्टँड सात मिनिटांवर, चालत. ती सात मिनिटं आमच्या आत्ताच्या चालीची. घेण्याआधी एकदा आमच्यातल्या एकीने वॉकर घेऊन तोच रस्ता चालून पाहिला. एकोणीस मिनिटं लागली आणि मध्ये एकदा बसावं लागलं. बसायला पार होता.